केअर होममधल्या भेटी बंद असतात तेव्हा: घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या मार्चमध्ये माझी आई राहत होती त्या केअर होमने भेटी बंद केल्या. संध्याकाळी मेसेज आला आणि दुसऱ्या दिवसापासून दार लागलं. पुढचे कितीतरी महिने मी तिला काचेपलीकडून, फोनवर आणि केअरटेकरच्या सांगण्यातून भेटत राहिले. तेव्हापासून, ज्यांचं माणूस अशा ठिकाणी आहे असे अनेक जण मला तेच ते प्रश्न विचारत आले आहेत. कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केलं. पण फ्लूची किंवा जुलाब-उलट्यांची साथ शिरली की केअर होमची दारं आजही काही दिवस बंद होतात, आणि घरच्यांच्या जिवाला तोच घोर लागतो. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. औषधोपचाराच्या बाबतीत अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

कर्मचारी रोज बाहेरून ये-जा करतात. मग बंदी फक्त आम्हालाच का?

हा प्रश्न रास्त आहे. संसर्ग कर्मचाऱ्यांबरोबरही आत येतो, हे कोविडमध्ये सगळ्यांनीच पाहिलं. पण त्यांच्याशिवाय आतल्या माणसाला अंथरुणातून उठवणारं कुणी उरत नाही, त्यामुळे त्यांना थांबवता येत नाही. मग व्यवस्थापन जे थांबवता येतं ते थांबवतं, आणि ते म्हणजे आपण.

बंदीमागचं कारणही खोटं नाही. केअर होममध्ये एकच केअरटेकर पाठोपाठ आठ-दहा जणांना हात लावते, जेवण एकत्र होतं, खोल्या वाटून घेतलेल्या असतात. कोविडची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जाऊ शकतात, आणि लक्षणं दिसण्याआधीही माणूस संसर्ग पसरवू शकतो. वय जास्त असलं की धोका कितीतरी पटींनी वाढतो. त्यात म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नसतं. नुसती गुंगी, जेवणावरून मन उडणं किंवा अचानक पडणं हेच पहिलं लक्षण असू शकतं. लस नव्हती आणि तपासणीचे किटही अपुरे होते, तेव्हा दार लावणं हा एकच उपाय हातात होता. अमेरिकेत १३ मार्च २०२० ला आणि नेदरलँड्समध्ये २० मार्चला देशभरातल्या शुश्रूषा केंद्रांतल्या भेटी थांबल्या त्या याच कारणाने.

पण याची दुसरी बाजूही लगेच दिसायला लागली. नेदरलँड्सने ११ मे २०२० पासून २६ केंद्रांमध्ये, नियम घालून, घरच्यांना पुन्हा आत घेऊन पाहिलं. सुरुवातीच्या पाहणीत भेटींमुळे नवी लागण नोंदली गेली नाही, आणि रहिवासी व कर्मचारी दोघांनाही बरं वाटलं. तेव्हा पहिल्या काही आठवड्यांची बंदी मला समजते. पण कुठलाही फेरविचार न करता महिनोन्‌महिने चालू राहिलेली बंदी मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

बंदी कधी उठेल?

तारीख विचारलीत तर "कळवू" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा अट विचारा. शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर किती दिवसांनी भेटी सुरू होणार? आधी अंगणातल्या भेटी सुरू होणार की थेट खोलीत? हा निर्णय कोण घेतं आणि दर किती दिवसांनी पुन्हा विचार होतो? अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये मोकळ्या हवेतल्या भेटींना वाट मिळाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये भेटी सर्वांसाठी सर्व वेळी खुल्या झाल्या. एवढी लांबण पुन्हा लागेल असं नाही, पण "पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे" असं मनाशी धरून बसलात तर सोळाव्या दिवशी फार जड जातं. महिन्याचा हिशोब धरून तयारी करा. लवकर सुटलं तर आनंदच आहे.

मी रोज फोन करते. तरी काहीतरी राहून जातंय असं सारखं वाटतं. का?

कारण खरंच राहून जातं. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

भेटायला जाणं म्हणजे जाऊन गप्पा मारून येणं, असं मलाही वाटायचं. भेटी बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आई फोनवर "काय? काय म्हणालीस?" असंच म्हणत राहिली. मी चिडले, मग रडले, आणि मग लक्षात आलं की तिच्या कानातल्या मशीनची बॅटरी मीच बदलत असे. दर शुक्रवारी, गप्पा मारता मारता. ते काम कुणाच्याच यादीत नव्हतं, कारण ते काम आहे हे मलाही माहीत नव्हतं.

त्या रात्री कागद घेतला आणि एका भेटीत मी काय काय करत होते ते लिहून काढलं. कानाच्या मशीनची बॅटरी. चष्म्याच्या काचा पुसणं. नखं कापणं. टाचांना आणि कोपरांना क्रीम लावताना कातडी कुठे लाल झाली आहे का ते बघणं. कवळी सैल झालीय का ते बघणं. चार घोट पाणी जास्तीचं पाजणं. कपाटातले कपडे तिचेच आहेत ना ते पाहणं. शेजारच्या आजींशी तिचं बोलणं सुरू करून देणं. घरातल्या बातम्या सांगणं. हात हातात घेऊन बसणं. आणि निघताना सिस्टरला "आज जरा मलूल वाटतेय" असं सांगणं. अकरा गोष्टी झाल्या. फोनने त्यातली एक भागत होती, फार तर दीड.

तुम्हीही अशी यादी करा, आजच. मग एकेका ओळीसमोर लिहा की आता हे कोण करेल. काही गोष्टी कर्मचाऱ्यांकडे जातील (बॅटरी, नखं, टाचा), त्या वार ठरवून त्यांना लेखी द्या. काही फोनवर जातील. काही पत्रातून, फोटोतून जातील. आणि एक-दोन गोष्टींसमोर काहीच लिहिता येणार नाही. माझ्या कागदावर "हात हातात घेणं" या ओळीपुढची जागा रिकामीच राहिली. ती रिकामी आहे हे मान्य केल्यावर मी निदान दिवसाला चार-चार फोन करून ती भरायचा प्रयत्न सोडला.

आईला कमी ऐकू येतं. व्हिडिओ कॉलचा काही उपयोग होत नाही.

पहिले काही कॉल सगळ्यांचेच फसतात. माझ्या पहिल्या व्हिडिओ कॉलमध्ये आईने फोन सवयीने कानाला लावला आणि चार मिनिटं मला फक्त तिचा कान दिसत होता. मी ओरडत होते, ती "आवाज लांबून येतोय" म्हणत होती. हे सुधारता येतं, पण त्यासाठी तिकडे एक माणूस लागतो. म्हणून कॉलची वेळ कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवा. औषधं वाटायच्या आणि जेवणाच्या वेळा टाळा.

फोन हातात न देता टेबलावर, डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवायला सांगा. मोठा टॅब असेल तर फार बरं. स्पीकरपेक्षा कानावर बसणारा मोठा हेडफोन कितीतरी चांगला, फक्त तो कानाच्या मशीनवर चालतो का, शिट्टी वाजते का, ते एकदा बघून घ्यावं लागतं. खोलीतला टीव्ही बंद करायला आवर्जून सांगा. तुमच्या बाजूने उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तिला काळी सावली दिसेल. कमी ऐकू येणारी माणसं ओठ वाचतात, आपल्याला कळत नाही इतकं वाचतात, आणि तिच्या आजूबाजूला सगळे मास्क लावून असतात. दिवसभरात उघडा चेहरा तिला कदाचित तुमचाच दिसत असेल. सावकाश बोला, ओरडू नका. ओरडल्याने शब्द फाटतात आणि चेहरा रागावलेला दिसतो.

कॉल दहा मिनिटांचा पुरे. रोज त्याच वेळी असला तर पाच मिनिटांचाही पुरतो. एका वेळी एकानेच बोलावं. अख्खं घर पडद्यावर जमलं की बोलणारे बोलतात आणि ती नुसती हसत बसते.

बाबांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. "तू का येत नाहीस?" असं रोज विचारतात. रोज काय सांगायचं?

साथ आली आहे हे एकदा सांगून बघा. लक्षात राहत नसेल तर रोज नव्याने सांगू नका, कारण त्यांच्यासाठी ती रोज नवी वाईट बातमी असते आणि धक्काही नवा असतो. त्यांच्या प्रश्नात माहितीची विचारणा कमी आणि भीती जास्त असते. "मला विसरलात का" असं ते विचारत असतात. उत्तर त्या भीतीला द्या. "बाबा, आज यायला जमत नाही हो, पण मी इथेच आहे आणि उद्या सकाळी पुन्हा फोन करणार आहे." हे खरं आहे आणि त्यांना पेलण्याइतकं आहे. "उद्या येते" असं म्हणू नका. ते विसरतील या भरवशावर दिलेलं वचन कधीकधी नेमकं लक्षात राहतं.

काहींना पडद्यावरचा चेहरा म्हणजे काय हेच उमगत नाही. ते फोनच्या मागे माणूस शोधतात किंवा घाबरतात. अशा वेळी व्हिडिओचा आग्रह सोडा, नुसता आवाज ऐकवा. सुरुवातीला स्वतःचं नाव आणि नातं सांगा, "ओळखलंत का?" अशी परीक्षा घेऊ नका. जुनी गाणी, पाठ असलेली स्तोत्रं किंवा कविता, तुमच्या आवाजात वाचलेली दोन पानं, असं रेकॉर्ड करून पाठवलं तर केअरटेकर संध्याकाळी लावू शकते. डिमेन्शियात अस्वस्थपणा बऱ्याचदा संध्याकाळी वाढतो, तेव्हा ओळखीचा आवाज उपयोगी पडतो.

कॉलनंतर ते फार बेचैन होतात असं केअरटेकर सांगत असेल तर कॉल लगेच बंद करू नका. वेळ बदला, छोटा करा आणि संपल्या संपल्या त्यांना दुसऱ्या कशात तरी गुंतवायला सांगा.

खिडकीतून भेटावं का? त्याने उलट जास्त त्रास होईल असं वाटतं.

होतो त्रास, काहींना. तरी मी म्हणेन, एकदा करून बघा.

आमची पहिली भेट फुकट गेली होती. दुपारची वेळ होती, काचेत मला माझंच तोंड दिसत होतं आणि तिला उन्हाने काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या वेळी सकाळी गेले, सावलीच्या बाजूची खिडकी मागून घेतली, दोघींच्या हातात फोन होते. तिने तळवा काचेवर ठेवला. मी बाहेरून माझा ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गार आहे गं." त्या दिवशी तिचे सुजलेले पाय मला दिसले, जे फोनवर कधीच दिसले नसते, आणि त्यावरून डॉक्टरांना फोन गेला. यादीतलं एक काम काचेतूनही झालं.

बसायला दोन्हीकडे खुर्ची हवी. पंधरा-वीस मिनिटांत आटपा. निरोप घेताना तुम्ही पाठ फिरवून जाऊ नका. आतल्या केअरटेकरने तिला हळूच वळवून घेऊन जावं, म्हणजे मागे राहिल्याची भावना कमी होते. डिमेन्शिया असलेलं माणूस "आत ये, दार उघड" म्हणत काच वाजवायला लागलं आणि दोन-तीन वेळा असंच झालं, तर मात्र ही भेट त्यांच्यासाठी नाही असं समजा.

कर्मचाऱ्यांना फोन केला की "बऱ्या आहेत" एवढंच सांगतात. खरं कसं कळणार?

"कशी आहे?" ला "बरी आहे" हेच उत्तर येतं, आपणही तेच देतो. मोजता येईल असं विचारा. काल रात्रीच्या ताटातलं किती संपलं, अर्धं की पाव? गेल्या आठवड्यात वजन किती होतं? दिवसभरात खुर्चीत किती वेळ बसली? चालवलं का? शेवटची आंघोळ कधी झाली? पोट साफ आहे का? पाठ आणि टाचा कुणी पाहिल्या? रात्री झोप लागते का? आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, वही समोर ठेवून हे विचारा आणि उत्तरं तारखेसकट लिहा. दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की घसरण दिसते.

घरातल्या एकानेच फोन करावा आणि बाकीच्यांना कळवावं. तीन भावंडांचे तीन फोन उचलणारी सिस्टर तेवढा वेळ कुणाच्या तरी आईपासून दूर असते.

आणि त्यांची विचारपूस करा. कोविडमध्ये कित्येक केअरटेकर घरी संसर्ग नेऊ नये म्हणून तिथेच राहिल्या, स्वतःच्या मुलांना दारातून बघून परत आल्या. आईकडच्या मावशींना मी एकदा सहज विचारलं, "तुम्ही जेवलात का?" त्यानंतर त्या मला आपणहून सांगायला लागल्या, "आज त्यांनी तुमचं नाव घेतलं," "आज केस विंचरू दिले नाहीत." त्या बारीकसारीक गोष्टींवर माझे कितीतरी दिवस निभावले.

दुरून कोणती लक्षणं धोक्याची समजायची?

सगळ्यात आधी वजन. एका महिन्यात वजनाच्या ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर ती गंभीर मानतात. ५० किलोच्या बाईंचे महिन्यात अडीच किलो उतरले, तर "जेवण जरा कमी झालंय" म्हणून सोडून द्यायचं नाही. घरच्यांनी शेजारी बसून भरवणं थांबलं की जेवण कमी होतंच. मग भरवायला कोण बसतं, किती वेळ बसतं, ते विचारा.

दुसरं म्हणजे अचानक झालेला बदल. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज असंबद्ध बोलतंय, मध्येच झोपेत जातंय, मध्येच घाबरतंय, दिवसातून दहा वेळा रूप बदलतंय, तर ते "वयामुळे" नाही. याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन औषध, यातलं काहीही त्यामागे असू शकतं, आणि कोविडचंही ते पहिलं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायला हवं. डिमेन्शिया हळूहळू, महिन्या-वर्षांत वाढतो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो. हा फरक फोनवर सर्वांत आधी तुम्हालाच कळेल, कारण ते माणूस एरवी कसं बोलतं हे तुम्हाला माहीत आहे.

तिसरी गोष्ट नव्या गोळ्या. "आता शांत असतात" असं ऐकलं की झोपेचं किंवा शांत ठेवायचं औषध सुरू केलं आहे का, हे विचाराच. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती लागतातही. पण एकटेपणावरचा उपाय म्हणून ती गोळी दिली जात नाही ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

याशिवाय पडणं, पाठीवर जखम होणं, आणि बोलकं माणूस गप्प होणं. शेवटचं फार सहज निसटतं, कारण गप्प माणसाची तक्रार येत नाही.

घरीच घेऊन यावं का?

मी तीन वेळा बॅग भरायला काढली होती. मन म्हणतं, काय व्हायचं ते आपल्या डोळ्यांसमोर होऊ दे. पण निर्णयाआधी एक रात्र कागदावर जगून पहा. रात्री दोन वाजता तिला बाथरूमला कोण नेईल? उचलायला दोन माणसं लागतात का? ती दुसरी व्यक्ती कोण? घरातलं कुणी रोज कामाला किंवा शाळेत जातं का, म्हणजे संसर्ग घरातही येणारच का? ऑक्सिजन, सलाईन किंवा नाकातली नळी असेल तर ती सांभाळायला कोण येणार? परत न्यायचं झालं तर खोली राहील का, आणि परतल्यावर किती दिवस वेगळं ठेवतील?

ज्यांच्याकडे या प्रश्नांची उत्तरं होती त्यांनी आणलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. माझ्याकडे दुसऱ्या प्रश्नालाच उत्तर नव्हतं. मी आणलं नाही. ते कमी प्रेमामुळे नव्हतं, हे मला स्वतःला समजवायला बरेच दिवस लागले.

भावंडांमध्ये यावरून वाद होतात.

होतात, कारण घाबरलेली माणसं भांडतात. निर्णय कोण घेणार आणि माहिती कोण पुरवणार ही दोन कामं वेगळ्या माणसांना द्या, आणि लांब राहणाऱ्यालाही एखादं ठरलेलं काम द्या. रोज रात्रीचा फोन, किंवा बिलांचा हिशोब. ज्याच्याकडे काम नसतं तो सल्ले देतो.

वस्तू पाठवता येतात का? काय पाठवावं?

बहुतेक ठिकाणी चालतात, आधी विचारून घ्या. २०२० च्या सुरुवातीला पार्सलं दोन-तीन दिवस बाजूला ठेवत असत, कारण वस्तूंवरून कोविड पसरेल अशी धास्ती होती. पुढे कळलं की तो मुख्यतः हवेतून पसरतो.

पत्र पाठवा. एका पानावर पाच-सहाच ओळी, जाड पेनाने, मोठ्या अक्षरात. फोन संपला की संपतो, पत्र उशाखाली राहतं आणि पुन्हा वाचता येतं. फोटोंवर नाव आणि नातं लिहा, म्हणजे केअरटेकरलाही त्यावरून बोलता येईल. तुमची वापरलेली, न धुतलेली शाल चालत असेल तर पाठवा, तिला तुमचा वास असतो. प्रत्येक कपड्यावर नाव घाला. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या आणि जुना, पण नंबर बरोबर असलेला चष्मा जास्तीचा ठेवून द्या.

मला रात्री झोप येत नाही. तिला तिथे ठेवलं हीच चूक झाली असं वाटत राहतं.

हे मला जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं आहे, बऱ्याचदा बोलणं संपता संपता, हळू आवाजात.

पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात अशा दुःखाला नाव दिलं, ज्यात माणूस गेलेलं नसतं पण हातीही नसतं. बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना त्यांना ते दिसलं, पुढे डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरच्यांमध्येही दिसलं. अशा दुःखाला सुतक नाही, भेटायला येणारी माणसं नाहीत, "झालं गेलं" म्हणायची सोय नाही. लोक म्हणतात, "आहेत ना त्या व्यवस्थित? मग झालं तर!" आणि आपण गप्प बसतो. तुम्हाला जे होतंय ते शोकच आहे. तो जिवंत माणसासाठी करतोय याची लाज वाटायचं कारण नाही.

ठेवलं ते तेव्हाच्या परिस्थितीत, तेव्हाच्या माहितीवर. साथ येणार हे त्या माहितीत नव्हतं. हे स्वतःला मोठ्याने सांगावं लागतं, आणि एकदा सांगून भागत नाही.

मला दोन गोष्टींचा आधार झाला. भेटीच्या वारी, भेटीच्या वेळी, मी घरात दुसरं काही करत नसे. तो तास तिचाच. पत्र लिहायचे, यादी तपासायचे, कधी नुसती बसायचे. आणि दुसरी म्हणजे त्याच केअर होममध्ये ज्यांचे वडील होते अशा एका बाईंशी दर रविवारी फोन. आम्ही एकमेकींना सल्ला देत नव्हतो, फक्त ऐकत होतो. दोन-तीन आठवडे झोप, भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. तुम्ही कोसळलात तर तिने तुमच्या फोनची वाट बघण्यात अर्थ राहत नाही.

बंदी चुकीची वाटते. व्यवस्थापनाशी बोलायचं कसं?

चिडून बोलायचा मोह होतो, मीही एकदा गेटवर आवाज चढवला होता. उपयोग झाला तो नंतर लिहिलेल्या अर्ध्या पानाच्या पत्राचा. त्यात मी मागणी एकच केली: सरसकट नियम न लावता माझ्या आईचा वेगळा विचार करा. वजन इतकं उतरलं आहे, जेवण इतकं झालं आहे, माझ्या हातून ती जेवते. मी तपासणी करून, मास्क लावून, एकटीच, आठवड्यातून दोनदा, फक्त तिच्या खोलीत येईन. नकार असेल तर कारण आणि मुदत लेखी कळवा.

या मागणीला जगभरात आधार आहे. घरची एक व्यक्ती ही पाहुणी नसून देखभालीचा भाग आहे, हा विचार कोविडमध्येच पुढे आला. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने २०२० मध्ये अशा व्यक्तीला साध्या पाहुण्यांपासून वेगळं धरलं. इंग्लंडमध्ये ८ मार्च २०२१ पासून ठरलेल्या एका व्यक्तीला आत जाऊन हात हातात घेता येऊ लागला, आणि ६ एप्रिल २०२४ पासून तिथे असाधारण परिस्थिती सोडता भेटी नाकारता येत नाहीत असा नियमच झाला. अमेरिकेतल्या टेक्सासच्या मतदारांनी २०२१ मध्ये हा हक्क राज्यघटनेत घातला. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल, पण हे दाखले पत्रात देता येतात. शांतपणे द्या.

शेवटच्या दिवसांत तरी जाऊ देतील का?

हे आत्ताच विचारा. ऐकायला अभद्र वाटतं, पण वेळ आल्यावर रात्री ड्यूटीवर असलेल्या माणसाला निर्णयाचा अधिकार नसतो आणि फोनाफोनीत तास निघून जातात. मार्च २०२० च्या कडक बंदीतही अमेरिकेच्या नियमांत शेवटच्या घटकेसाठी सवलत होती. तरीही ती कुणाला, कधी आणि किती वेळ द्यायची हे केंद्रागणिक बदलत होतं. म्हणून विचारा: किती जण, किती वेळ, पीपीई किट कोण देणार, आणि "शेवट जवळ आला" हे कोण ठरवणार? शक्यतो शेवटचे काही दिवस धरा, काही तास नव्हे. हे लेखी घ्या. त्याच बैठकीत व्हेंटिलेटर, दवाखान्यात हलवणं, नाकातली नळी याबद्दल तुमच्या माणसाची काय इच्छा आहे तेही नोंदवून ठेवा. ती स्वतः सांगू शकत असेल तर तिलाच विचारा. माझ्या आईने मला वाटलं होतं त्यापेक्षा फार स्पष्ट उत्तर दिलं.

आणि पोचताच आलं नाही तर केअरटेकरला फोन तिच्या कानाशी धरायला सांगा. ती प्रतिसाद देत नसली तरी बोला. कॅनडातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मरणासन्न आणि प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू शेवटच्या तासांतही आवाजाला प्रतिसाद देताना दिसला. काय बोलावं हे सुचत नसेल तर तिला हाक मारा, ज्या नावाने रोज मारता त्याच नावाने. त्या वेळी तिच्याजवळ कोण होतं, तिचा हात कुणी धरला होता, हे नंतर विचारून घ्या. त्या व्यक्तीला भेटा. अनेकांना त्या एका भेटीने थोडी शांत झोप लागली आहे.

भेटी पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी काय करावं?

अपेक्षा थोड्या बाजूला ठेवा. ती वाळलेली दिसेल, चालणं कमी झालं असेल, मास्कमुळे ओळखणार नाही, किंवा ओळखून रुसून बसेल. मास्क काढायची परवानगी नसेल तर दारातच नाव सांगा, तुमचा मोठा फोटो छातीवर लावलात तरी चालेल. पहिल्या भेटीत प्रश्नांचा भडिमार नको, रेकॉर्ड बघायला नंतर सिस्टरकडे जा. अख्ख्या कुटुंबाने एकदम जाऊ नये. अर्धा तास पुरे, आणि पुढच्या भेटीचा वार सांगूनच उठा.

आमच्या पहिल्या भेटीत आई माझ्याशी फारसं बोललीच नाही. माझ्या केसांकडे बघत होती, त्या वर्षात ते बरेच पांढरे झाले होते. मग मी पर्समधून नेलकटर काढलं. तिने न सांगता डावा हात पुढे केला, तो संपल्यावर उजवा.

त्या दिवशी बरोबर काय न्यावं?

नेलकटर, कानाच्या मशीनच्या नव्या बॅटऱ्या, चष्मा पुसायचं मऊ फडकं, टाचांचं क्रीम, आणि ती यादी.